धीर द्यायचा तर आधी नीट पाहा: ख्रिस्ती बहिणींसाठी रोजच्या जगण्यातलं मार्गदर्शन

उपासना संपली की आपण दारापाशी उभ्या राहतो, "जय ख्रिस्त" म्हणत हात मिळवतो, "कशी आहेस?" विचारतो आणि "बरी आहे" हे उत्तर पुरतं ऐकायच्या आत पुढच्या बहिणीकडे वळतो. त्या "बरी आहे"च्या मागे किती काय असतं. कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली असते, कोणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलेलं असतं, कोणी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं आवरून, घाईघाईत साडी नेसून मंडळीत पोचलेली असते. एकमेकांना धीर द्या, एकमेकांची उभारणी करा, असं पौलाने थेस्सलनीकाच्या सगळ्या मंडळीला लिहिलं होतं, तेव्हा हे काम एकट्या पाळकांचं नाही. आपलं आहे, आणि ते बहुतेक वेळा ओट्यापाशी, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत करायचं असतं.

धीर देता येत नाही म्हणणाऱ्या बहिणींना वाटतं की आपल्याला बोलता येत नाही, वचनं पाठ नाहीत. मला मात्र ठामपणे वाटतं की अडचण बोलण्यात नसतेच. आपण समोरचीकडे नीट पाहत नाही, तिथे अडतं. पाहिलं की काय करायचं ते निम्मं आपोआप कळतं. म्हणून या लेखात बोलणं बरंच उशिरा येईल.

पहिली पायरी: तीन नावं

रविवारी रात्री एका वहीत पुढच्या आठवड्यासाठी तीनच नावं लिहा. एक घरातलं, एक मंडळीतलं, एक मंडळीबाहेरचं. दहा नावं लिहिली तर एकीकडेही लक्ष राहत नाही.

घरातलं नाव सगळ्यात अवघड जातं, म्हणून ते आधी लिहा. बाहेरच्या बहिणीशी गोड बोलणं सोपं असतं. रोज आपल्यासमोर जेवायला बसणारा नवरा, अबोल झालेला मुलगा, सून म्हणून आपलं काही चुकलं तर लगेच दाखवणाऱ्या सासूबाई, यांना शेवटचा चांगला शब्द आपण कधी बोललो ते आठवून पाहा.

मंडळीतलं नाव निवडताना जिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही ती शोधा. पाळकांच्या पत्नीकडे सगळ्या जणी आपली दुखणी घेऊन जातात. तिला तिचं दुखणं विचारणारी क्वचितच भेटते. खुर्च्या मांडणारी, प्रभुभोजनाचे पेले धुणारी, संडे स्कूलच्या पोरांना आवरणारी, पस्तिशी उलटलेली अविवाहित बहीण, बारावीत नापास झालेल्या मुलाची आई. आपल्यात नर्सा आणि शिक्षिका पुष्कळ. १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून किती घरांत ही सेवा आईकडून लेकीकडे आली आहे! दिवसभर दुसऱ्यांना धीर देऊन घरी येणाऱ्या या बायकांना धीर देणारं कोणी असतंच असं नाही.

तिसरं नाव शेजारणीचं असेल, कामाला येणाऱ्या मावशींचं असेल, आशाताईंचं असेल. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

दुसरी पायरी: ती नेमकी कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखा

थेस्सलनीकाकरांच्या त्याच पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, पौलाने फार नेमकं सांगितलं आहे. जे शिस्त सोडून वागतात त्यांना ताकीद, ज्यांचा धीर खचला आहे त्यांना धीर, जे अशक्त आहेत त्यांना आधार, आणि सगळ्यांशी सहनशीलता. तीन प्रकारची माणसं आणि तीन वेगळे उपाय. आपण बहुधा सगळ्यांना एकच औषध देतो, म्हणजे एक वचन आणि एक "देव पाहून घेईल".

घाबरलेली बाई वेगळी आणि थकलेली बाई वेगळी. उद्या पहिल्यांदा मुलाखतीला जाणारी, पहिलटकरीण, वीस वर्षांनी पुन्हा शिकायला लागलेली, या घाबरलेल्या असतात. त्यांना शब्द हवा असतो: "तुला जमेल, आणि मला असं का वाटतं ते सांगते." पण सहा महिने आजाऱ्याची उस्तवार करणारीला शब्द ऐकायचीसुद्धा ताकद उरलेली नसते. तिला हात हवा असतो. आणि जी कर्ज काढून भपकेबाज लग्न करायला निघाली आहे तिच्याजवळ बसून, एकांतात, प्रेमाने खरं बोलावं लागतं. तिथे नुसता गोडवा कामाचा नाही.

एलीयाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण देवदूताने आधी काय केलं ते लक्षात घेत नाही. एलीया रानात झाडाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, "ऊठ, खा" म्हटलं. तो खाऊन पुन्हा झोपला तर झोपू दिलं, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचा मंद आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

पंडिता रमाबाईंनीही हाच क्रम पाळला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी केडगावला आणलेल्या मुली हाडांचा सापळा झालेल्या होत्या. त्यांना आधी अन्न, कपडा, औषधपाणी मिळालं. मग अक्षरओळख, शिवण, विणकाम, छापखान्याचं काम. आपल्या पायांवर उभं राहता येईल असं काम हातात देणं, हा रमाबाईंचा धीर देण्याचा मार्ग होता. त्यांचं नाव घेताना हे विसरू नये.

तिसरी पायरी: हाताने सुरुवात करा

"काही लागलं तर सांग हं" हे वाक्य आजपासून सोडून द्या. त्यात प्रेम असतं, पण काय लागेल ते ठरवायचं, ते मागायचं आणि मागताना संकोच गिळायचा, हे सगळं ओझं त्या बिचारीवरच पडतं. त्याऐवजी ठरलेली गोष्ट विचारा. "मंगळवारी मी तुझ्या पोरांना क्लासवरून माझ्याकडे आणते, रात्री जेवूनच पाठवते, चालेल?" तिला फक्त "हो" म्हणायचं असतं.

डबा न्यायचा तर थोडा विचार करून न्यावा. परत द्यावा लागेल असा चांगला स्टीलचा डबा नेऊ नका. आइस्क्रीमचे रिकामे डबे साठवून ठेवा आणि "परत देऊ नकोस" असं आधीच सांगा. घरात मधुमेहाचं कोणी आहे का, कोणाला तिखट चालत नाही, ते विचारून घ्या. बाळंतिणीला हळिवाची खीर किंवा डिंकाचे लाडू न्या, पण घरच्या इतरांसाठी पोळी-भाजीही न्या, कारण तिची खरी चिंता ती असते. डबा दारात द्या आणि निघा. आत या असा आग्रह झाला तरच बसा, आणि बसलात तर ओट्यावरची भांडी घासूनच उठा.

सरकारी दवाखान्यात कोणी दाखल असेल तर पेशंटसाठी फळं नेणारे पुष्कळ असतात. पेशंटजवळ रात्र काढणाऱ्या बाईचा विचार करा. आमच्या मंडळीतल्या एक वयस्क मावशी अशा वेळी एक कापडी पिशवी घेऊन जातात. पिशवीत चटई, लांब वायरचा चार्जर, कंगवा, टॉवेल, साबणाची वडी, पाण्याची बाटली, बिस्किटांचे पुडे आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा असतात. वॉर्डात गेल्यावर त्या म्हणतात, "जा, खाली जाऊन तोंड धू, वेणी घाल, चहा घे. मी बसते इथे." ती पंधरा-वीस मिनिटांनी परत येते तेव्हा चेहरा पार बदललेला असतो. मावशींनी एकही वचन सांगितलेलं नसतं. मग त्याच बाईला मावशींना सांगावंसं वाटतं, डॉक्टर काय म्हणाले, पैशाचं कसं करायचं, भीती कसली वाटते. मावशी ऐकत राहतात.

रूथनेही हेच केलं. "मला नामी म्हणू नका, मारा म्हणा," असं म्हणणाऱ्या, आतून कडू झालेल्या सासूची तिने समजूत घातली नाही. शेतात जाऊन सरवा वेचला, आणि स्वतःच्या जेवणातलं उरलेलं बांधून सासूसाठी आणलं.

चौथी पायरी: आता बोला, पण नेमकं

"तू किती छान आहेस" हे ऐकून बरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत विसरतं. नेमकं पाहिलेलं सांगितलं तर ते मनात राहतं. आपण काय पाहिलं आणि त्याने काय झालं, एवढंच सांगायचं. उदाहरणार्थ:

"रविवारी त्या आजींना अध्याय सापडत नव्हता, तेव्हा तू तुझं बायबल त्यांच्यापुढे धरलंस. मी पाहिलं. त्या शेवटपर्यंत तुझ्या बोटाकडे बघून वाचत होत्या."

"तुझ्या बाबांच्या आजारपणात तू एकदाही आवाज चढवला नाहीस. मुलं ते बघतायत."

नवऱ्याला: "या महिन्यात ओढाताण होती, तरी तुम्ही आईंची औषधं चुकू दिली नाहीत."

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पुष्कळ जण नावांची यादी म्हणून भराभर वाचून संपवतात. तो सावकाश वाचा. पौल प्रत्येकाला काहीतरी त्याचं स्वतःचं देतो. फिबीने पुष्कळांना आणि खुद्द पौलालाही साहाय्य केलं, पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले, आणि रूफाची आई तर माझीही आईच, असं तो लिहितो. त्या माउलीने पौलासाठी काय केलं असेल, जेवू घातलं असेल, आजारात बसून राहिली असेल, ते कुठे लिहिलेलं नाही. पण तिचं ऋण त्याने सगळ्या मंडळीपुढे मोकळेपणाने मानलं.

चांगलं बोलताना पुढे "पण" जोडू नका. "गाणं छान झालं, पण दुसऱ्या कडव्यात सूर गेला" यातलं फक्त दुसरं अर्धं घरी जातं. सूचना द्यायचीच असेल तर दोन दिवसांनी वेगळी द्या. तुलना करू नका. रंग, वजन, "बारीक झालीस, छान दिसतेस" हे तर नकोच; ती आजाराने बारीक झालेली असू शकते. आणि मुलींना त्यांच्या मार्कांपलीकडे काहीतरी दिसलं म्हणून सांगा. "तू धाकट्यांचं भांडण मिटवताना दोघांचंही ऐकलंस," असं आईच्या तोंडून ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी आणखी नीट ऐकते.

फोनवरच्या संदेशांबद्दल थोडं. फुलांच्या चित्रावर वचन छापून रोज पहाटे शंभर जणांना पाठवण्यापेक्षा एकीला तिच्या नावाने चार ओळी लिहाव्यात. पहाटे उठून मोठमोठ्याने दिलेला आशीर्वाद शापासारखा वाटतो, असं नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात म्हटलं आहे ते खरं आहे. अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा आणि शेवटी म्हणा, "उत्तर द्यायची घाई नाही." दुःखातल्या माणसाला उत्तर देण्याचंही ओझं होतं.

या वाक्यांपासून दूर राहा

"देवाचीच इच्छा होती." "विश्वास कमी पडतोय बहुतेक." "जे होतं ते चांगल्यासाठीच." "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली माणसं आहेत." गर्भपात झालेलीला, "दुसरं होईल की." अविवाहितेला, "देवाने कोणीतरी ठेवलाच असेल."

मूल नसलेल्या बहिणीला हन्नाची गोष्ट सांगण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती गोष्ट तिने आपल्यापेक्षा शंभरदा जास्त वाचलेली असते. शिवाय हन्नाला शमुवेल झाला म्हणून हिलाही होईल, असं वचन आपल्याला कोणी दिलेलं नाही. सांगायचाच असेल तर त्या गोष्टीचा दुसरा भाग स्वतःला सांगावा. नवऱ्याने हन्नाला विचारलं, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? एली याजकाला वाटलं ती प्यायलेली आहे. दोघेही जवळ होते आणि दोघांनाही ती दिसली नाही.

मृत्यू झालेलं घर

इथे थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त दुखावणं इथेच होतं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. तर पहिल्या दिवसांत जा, बसा, हात धरा. रडणारीला "रडू नकोस" म्हणू नका. येशू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला. चहाची व्यवस्था बघा, चपला नीट लावा, आलेल्यांचे फोन घ्या, कबरस्थानाच्या आणि पाळकांच्या कामासाठी कोण धावतंय ते पाहून त्याला पाणी द्या.

दफन होतं, नातेवाईक आठवड्याभरात परततात, आणि मग घर खायला उठतं. आपली खरी गरज तेव्हा सुरू होते. वहीत चार तारखा लिहून ठेवा: तिसरा आठवडा, तिसरा महिना, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, आणि पहिला नाताळ. पहिल्या नाताळाला करंज्या करायचं तिच्या मनात येत नाही. आदल्या दिवशी आपलं पीठ आणि सारण घेऊन तिच्याकडे जा आणि तिथेच बसून करा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. "भाऊ असते तर आज पहिली करंजी त्यांनीच उचलली असती." तिच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. त्याचं नाव कोणीच घेत नाही, याचं दुःख त्याहून मोठं असतं.

प्रार्थना करायची तर तिथेच

"तुझ्यासाठी प्रार्थना करीन" म्हणून विसरण्यापेक्षा "आत्ता करू का?" असं विचारा. ती हो म्हणाली तर दोन-तीन वाक्यांत, हळू आवाजात, तिच्याच शब्दांत तिची अडचण प्रभूपुढे ठेवा. डोळे मिटून तिला उपदेश करू नका. प्रार्थना देवाशी असते.

आणि तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय मंडळात "प्रार्थनेचा विषय" म्हणून मांडू नका. "अमकीच्या घरी फार अडचण आहे, आठवण ठेवा," एवढं बोललं तरी रविवारपर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. असं एकदा झालं की ती बहीण पुन्हा कोणापाशीच मन मोकळं करत नाही. काय सांगायचं, किती सांगायचं आणि कोणाला, हे तिनेच ठरवायचं.

मंडळीबाहेरची शेजारीण

तिचा धर्म वेगळा आहे म्हणून तिच्या दुःखात जाताना आपण बिचकतो, किंवा उलट, तिच्या दुःखात आपल्याला सुवार्तेची संधी दिसते. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त खटकते. माणूस अडचणीत असताना त्याच्यावर प्रेम करायचं ते तो अडचणीत आहे म्हणून, एवढंच कारण पुरेसं आहे. "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारावं, आणि नको म्हटलं तर डबा तरीही न्यावा, पुढच्या आठवड्यातही न्यावा.

लक्ष्मीबाई टिळकांचं घर आठवा. बालकवी ठोंबरे नगरला रेव्हरंड टिळकांकडे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्या हळव्या, लहरी पोराला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरातली माया म्हणून काही आटली नाही.

धीराचे शब्द पुरत नाहीत तेव्हा

नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बहिणीला "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" असं सांगू नका. तिचा जीव आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला संरक्षण आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. हे नंबर तिला तोंडी सांगा. नवरा तिचा फोन तपासत असेल तर संदेशात लिहू नका. तिची महत्त्वाची कागदपत्रं तुमच्याकडे ठेवायची तयारी दाखवा.

जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलली तर विषय बदलू नका. "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर जिला सतत रडू येतं, बाळाकडे बघवत नाही, तिला डॉक्टरकडे न्या. नैराश्य हा आजार आहे. त्यावरून तिच्या विश्वासाचं माप काढू नये.

तुमचं स्वतःचं

सतत देणारी बाई रिकामी होते. सिकलागला लोक दाविदाला दगडमार करायला उठले, तेव्हा त्याने आपल्या देवाच्या ठायी स्वतःला सावरलं. आपल्यालाही सकाळची थोडी शांतता हवी, आणि जिच्यापाशी न आवरता रडता येईल अशी एक मैत्रीण हवी. कोणी आपल्याला चांगलं म्हटलं तर "छे, माझं कसलं" म्हणून झटकू नका. "बरं वाटलं ऐकून" एवढं म्हणा; देणारीचा आनंद राहतो. आणि एखाद्या आठवड्यात वहीत एकच नाव लिहिता आलं, तर एकच लिहा.

महिला मंडळाने काय करावं

यापो गावात टबीथा वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवत होत्या. मंडळालाही असं हाताला लागणारं काम ठरवता येतं. महिन्याच्या बैठकीत शोकातल्या घरांच्या चार तारखा वाटून घ्या, म्हणजे सगळ्या एकाच दिवशी जाणार नाहीत आणि पुढचे तीन महिने कोणीच नाही असंही होणार नाही. दवाखान्याची पिशवी तयार करून मंडळीच्या कपाटात ठेवा आणि वापरून आल्यावर बिस्किटं, साबण पुन्हा भरा. तरुण बहिणीला पहिल्या भेटीला एकटी पाठवू नका. एखाद्या जाणत्या बहिणीबरोबर पाठवा, तिने कसं बसायचं आणि कधी उठायचं ते बघून शिकावं. पैशाची मदत असेल तर खजिनदार आणि आणखी एक बहीण, एवढ्या दोघींनाच नाव माहीत असावं, हिशेबाच्या वहीत "साहाय्य" एवढंच लिहावं, आणि पाकीट देताना फोटो काढू नये.